साडेअकरा पौंडांचा हिशेब

धुळे शहराजवळील लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दरवर्षी ३१ जुलैला मोठ्या संख्येने अनुयायी जमतात. १९३७ मध्ये याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयीन कामासाठी धुळ्यात आले होते आणि त्या वेळी त्यांचा मुक्काम या बंगल्यात होता. ज्या बॅरिस्टरकीच्या बळावर ते न्यायालयात उभे राहत, ती त्यांनी परदेशात अतिशय तुटपुंज्या पैशांत मिळवली होती. कोणता खर्च आधी आणि कोणता नंतर, याविषयी त्यांनी स्वतःला घालून घेतलेली शिस्त परदेशी शिकायला जाणाऱ्यांना आजही मार्गदर्शक ठरावी अशी आहे.

फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील रामजी सुभेदार यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची अट होती. या रकमेतूनच न्यूयॉर्कसारख्या महागड्या शहरात राहायचे, जेवायचे आणि मुंबईत पत्नी रमाबाई व कुटुंबासाठीही पैसे पाठवायचे होते.

बाबासाहेबांनी घरच्या खर्चाला अग्रक्रम दिला. दुसरा क्रमांक ग्रंथांचा होता. स्वतःच्या पोटाचा क्रमांक सर्वांत शेवटी लागला. चरित्रकार धनंजय कीर यांच्या नोंदीनुसार एक कप कॉफी, दोन मफिन आणि मांस किंवा मासळीची एक बशी, एवढ्यावर त्यांचे जेवण भागे. त्यासाठी एक डॉलर दहा सेंट लागत. जेवणात मोजूनमापून खर्च करणाऱ्या या विद्यार्थ्याने जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून मात्र सुमारे दोन हजार ग्रंथ जमवले. १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. पदवी त्यांना मिळाली. त्यासाठीच्या प्रबंधाचा विषय ईस्ट इंडिया कंपनीचा राज्यकारभार आणि अर्थव्यवहार हा होता.

१९१६ मध्ये ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. महायुद्धाचा तो काळ होता. त्यांचे सामान आणि पुस्तके घेऊन निघालेले जहाज बुडाले. नुकसानभरपाईचे सहाशे रुपये हाती आले, तेव्हाही त्यांनी क्रम बदलला नाही. काही रक्कम घरखर्चासाठी रमाबाईंना दिली आणि उरलेल्या पैशांतून नोकरीसाठी बडोदा गाठले. तेथे खिशात पैसे असूनही अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला जागा मिळेना. नोकरी सोडून त्यांना मुंबईला परतावे लागले.

नोव्हेंबर १९१८ पासून मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात त्यांना दरमहा साडेचारशे रुपयांवर प्राध्यापकी मिळाली. पगार वाढला तरी राहणी वाढली नाही. घरखर्चाची ठरावीक रक्कम रमाबाईंच्या हाती देऊन उरलेले पैसे ते लंडनसाठी साठवत राहिले. राजर्षी शाहू महाराजांनी साह्य केले. न्यूयॉर्कच्या दिवसांतील मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये उसने दिले. या बळावर १९२० मध्ये त्यांनी पुन्हा लंडन गाठले.

हे दिवस अधिक कठीण होते. सकाळी खानावळीतील अपुरी न्याहारी, दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचन आणि रात्री भूक असह्य झाली की परिचिताने दिलेले चार पापड, असा त्यांचा दिनक्रम होता. गाडीभाडे वाचवण्यासाठी ते पायी जात. पैसा थोडा असल्याने लंडनमधील दिवसही मोजकेच, हे ओळखून त्यांनी झोपेतही काटकसर केली. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२२ मध्ये बॅरिस्टरी पूर्ण झाली. डी.एस्सी.च्या प्रबंधात फेरबदल करायचे राहिले असतानाच पैसे संपले आणि एप्रिल १९२३ मध्ये ते परतले. ते काम त्यांनी मुंबईत पूर्ण केले. त्याच वर्षी पदवी मिळाली. रुपयाच्या प्रश्नावरील हा प्रबंध आजही अभ्यासला जातो.

या काटकसरीची झळ घरालाही बसली. पाठवलेल्या मोजक्या पैशांत परळच्या चाळीतला संसार रमाबाईंनी रेटला. बाबासाहेबांच्या पदव्यांमध्ये त्यांच्या कष्टांचा वाटा मोठा आहे.

विद्या मिळवूनही समाजाची वागणूक बदलली नव्हती, याचा अनुभव खान्देशानेच त्यांना दिला. २३ ऑक्टोबर १९२९ रोजी धुळ्याचे काम आटोपून परतताना ते चाळीसगावला उतरले. भाडे द्यायची तयारी असूनही अस्पृश्याचा टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. अखेर टांगा भाड्याने घेऊन वस्तीतल्याच एकाने तो हाकला. सवय नसल्याने अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. पैशाने मिळत नाही ती माणुसकीची वागणूक समाजाला मिळवून देण्यासाठी त्यांनी परदेशात कमावलेली विद्या खर्ची घातली.

आज जळगाव-धुळ्याचे विद्यार्थी शिष्यवृत्ती किंवा शैक्षणिक कर्ज घेऊन परदेशी जातात. राज्य शासनाची परदेश शिष्यवृत्तीही राजर्षी शाहू महाराजांच्याच नावाने आहे. उपाशी राहून शिकण्याची वेळ आता कोणावर येऊ नये. मात्र ज्या कामासाठी घर सोडले, त्या कामाला आणि घरच्या माणसांना खर्चात पहिला मान द्यावा, हा बाबासाहेबांचा धडा प्रत्येकाने गाठीशी बांधावा असाच आहे.