आकडे गावातच बोलायचे : डॉ. मेबल आरोळे

वेळणेश्वरात आशाताई वही घेऊन घरोघर फिरतात. ही वाट ज्यांनी आधी मळली, त्यांत डॉ. मेबल आरोळे यांचं नाव घ्यावंच लागतं. जन्म १९३५, जबलपूरचा. शिक्षण वेल्लोरला, पुढे अमेरिकेत. १९७० साली पती डॉ. रजनीकांत यांच्यासोबत त्या नगर जिल्ह्यातल्या दुष्काळी जामखेडला आल्या.

नुसता दवाखाना थाटला असता तर त्यात नवल नव्हतं. त्यांनी गावच्याच बायकांना शिकवलं. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित. कोण गरोदर आहे, कुणाचं मूल वजनात मागे आहे, लस कुणाची राहिली, हे त्यांना तोंडपाठ. आपल्याकडे माहिती वर तालुक्याला जाते, गावाला कोण सांगतो? तिथं ती गावातच बोलली जाई. मुलं जुलाबानं जातात म्हटल्यावर गोळ्यांआधी पाणी आलं. हातपंप बसले दलित वस्तीत, म्हणजे सगळ्या गावाला तिथंच जावं लागलं! हजार जन्मांमागे सुमारे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत. १९७६ पर्यंत आकडा ५२ वर आला.

१९७९ ला दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आशा योजना आली २००५ मध्ये. मेबलताई १९९९ सालीच गेल्या होत्या.