डाव्या बाजूची दुर्बीण

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या कारखान्यांत ज्यांनी उमेदीची वर्षे घालवली, त्यांना टूलरूम म्हणजे काय हे सांगायला नको. माल शॉपवर निघतो; पण तो ज्यांच्या आधाराने निघतो ती डाय, जिग आणि फिक्स्चर टूलरूममध्ये घडतात. कारखान्याचे नाव होते, मालाचे नाव होते. टूलरूममधल्या माणसाचे नाव सहसा कोणाला ठाऊक नसते. तुर्भ्याच्या एका कारखान्यात मी तीस वर्षे याच जमातीत काढली. त्यामुळेच असेल, पण जगातल्या नामवंत संशोधकांमध्ये मला सर्वांत जवळचा वाटतो तो जॉन गॅरंड. त्याचे नाव एका रायफलीला मिळाले, आणि तरीही तो अखेरपर्यंत टूलरूमचाच माणूस राहिला.

गॅरंडची रायफल आपण पाहिलेली असते, फक्त नाव ठाऊक नसते. १९९८ मध्ये आलेला ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ आठवा. त्यातल्या बहुतेक अमेरिकन शिपायांच्या हाती हीच रायफल आहे. मात्र त्या तुकडीतला जो अचूक नेमबाज आहे, त्याच्या हाती आदल्या पिढीची, प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावी लागणारी रायफल आहे आणि तिच्यावर दुर्बीण आहे. नवी, वेगवान रायफल उपलब्ध असताना सर्वांत कुशल माणसाने जुनीच का वापरावी? या प्रश्नाच्या उत्तरात गॅरंडच्या आयुष्याचे बरेच सार सामावले आहे.

जॉन गॅरंडचा जन्म १ जानेवारी १८८८ रोजी कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात, सेंट रेमी या गावी झाला. घर फ्रेंच बोलणारे, भावंडे बारा. तो अकरा वर्षांचा असताना आई गेली आणि वडील मुलांना घेऊन अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात आले. तिथे कापडगिरणी होती. गिरणगावात वाढलेल्या कोणाही मुंबईकराला पुढचे चित्र डोळ्यांपुढे आणता येईल. हा पोरगा गिरणीत झाडू मारू लागला, नवी भाषा शिकू लागला आणि काम संपले की यंत्रांपाशी घुटमळू लागला. पुढे त्याच गिरणीत तो मशिनिस्ट झाला. लहानपणी त्याने नेमबाजीच्या एका गॅलरीतही काम केले होते. आपल्या जत्रेत फुगे फोडायची बंदूक असते, तशातला तो प्रकार. यंत्र आणि नेम, दोन्ही नाद तिथूनच जडले.

तरुणपणी तो प्रॉव्हिडन्सच्या ब्राउन अँड शार्प या कंपनीत लागला. मायक्रोमीटर हाती धरलेल्या कोणालाही हे नाव परके नाही. हजारांश इंचाची, आमच्या भाषेत ‘थाऊ’ची, शिस्त त्याच्या अंगी तिथे मुरली. पहिल्या महायुद्धात त्याने हलक्या मशिनगनचा एक आराखडा केला. ती तयार होईपर्यंत युद्ध संपले, पण सरकारी खात्यांची नजर त्याच्यावर पडली आणि १९१९ मध्ये तो मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात आला. पुढची चौतीस वर्षे तो तिथेच होता.

काम एका वाक्यात सांगण्यासारखे होते. शिपायाने चाप ओढला की गोळी सुटावी, रिकामे काडतूस आपोआप बाहेर पडावे आणि नवे जागेवर यावे. शिपायाने फक्त पुन्हा चाप ओढायचा. यालाच अर्धस्वयंचलित रायफल म्हणतात. हे सांगायला सोपे असले तरी ते साधायला त्याला सतरा वर्षे लागली. गोळीमागचा थोडा वायू नळीतून वळवून त्याने तो एका दट्ट्यावर सोडला आणि त्या धक्क्याने बोल्ट मागे सरकवला. हे यंत्र चिखलात, बर्फात, वाळूत चालायला हवे होते आणि कोणत्याही शिपायाला ते हाताने उघडून पुसता यायला हवे होते.

स्पर्धेला जॉन पेडरसन हा नावाजलेला संशोधक होता. त्याची रायफल देखणी होती, पण तिला मेणाचा पातळ थर दिलेली काडतुसे लागत. शिवाय दोघांच्याही रायफली लहान काडतुसावर बेतलेल्या होत्या. १९३२ मध्ये लष्करप्रमुख डग्लस मॅकार्थर यांनी निर्णय दिला की कोठारात आहे तेच मोठे काडतूस वापरायचे. गॅरंडने तक्रार केली नाही. त्या काडतुसासाठी रायफल नव्याने बेतली. जानेवारी १९३६ मध्ये ती सैन्याने स्वीकारली. नाव ठेवले एम-१.

कारखान्यात काम केलेल्या माणसाला याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. आराखडा मंजूर होणे वेगळे आणि त्याच्या लाखो नगा एकसारख्या निघणे वेगळे. या मालासाठी लागणाऱ्या यंत्रसामग्रीचा आणि टूलिंगचा बराच भाग गॅरंडने स्वतः बेतला. युद्ध संपेपर्यंत चाळीस लाखांच्या आसपास रायफली तयार झाल्या. जनरल पॅटनसारख्या तिखट स्वभावाच्या सेनापतीनेही तिची मनापासून वाखाणणी केली.

आता त्या दुर्बिणीकडे वळू. एम-१ मध्ये आठ काडतुसांची पोलादी क्लिप वरून दाबून भरावी लागे. आठवी गोळी सुटली की रिकामी क्लिप खणकन् वरच उडे. म्हणजे रायफलीच्या पाठीवरची जागा, जिथे दुर्बीण शोभली असती, ती भरण्यासाठी आणि उडणाऱ्या क्लिपसाठी मोकळी ठेवणे भाग होते. साधा शिपाई हे यंत्र झपाट्याने भरू शके, ते याच रचनेमुळे; आणि याच रचनेमुळे दुर्बिणीला जागा उरली नव्हती. जुन्या बोल्टच्या रायफलीवर दुर्बीण मधोमध बसवून काडतुसे एकेक करून भरता येत. म्हणून चित्रपटातला तो नेमबाज जुनी रायफल बाळगतो.

युद्ध पेटल्यावर दुर्बिणीची मागणी आली. पहिला उपाय न्यूयॉर्कच्या ग्रिफिन अँड हो या कंपनीचा होता. रायफलीच्या मधल्या पेटीला डाव्या बाजूने छिद्रे पाडून तिथे एक पट्टी स्क्रू आणि पिनांनी बसवायची आणि तिच्यावर दुर्बीण अडकवायची. पण ही पेटी कठीण पोलादाची. तिला पाणी देण्याआधीच छिद्रे पाडावी लागत. म्हणजे कोणती रायफल नेमबाजाची हे आधीच ठरवून ती वेगळी काढायची. टूलरूमवाल्याला हे ऐकूनच घाम फुटेल. जून १९४४ मध्ये ही जात एम-१ सी या नावाने मंजूर झाली. युद्धकाळात ती जेमतेम आठ हजार निघाली.

दुसरा उपाय खुद्द गॅरंडचा. तेव्हा तो छप्पन वर्षांचा होता. त्याने पेटीला हातच लावला नाही. नळीच्या मागच्या टोकावर एक ठोकळा बसवला आणि दुर्बिणीचा कंस त्या ठोकळ्याला एका मोठ्या, हाताने पिळता येणाऱ्या स्क्रूने जोडला. नळी बदलली की कोणतीही साधी रायफल नेमबाजाची व्हावी! सप्टेंबर १९४४ मध्ये तिला एम-१ डी म्हणून मान्यता मिळाली आणि पुढे कोरियाच्या युद्धात ती वापरात आली. आपल्याच रेखीव कृतीला बाजूने एक कुबड लावायला तिच्या कर्त्याने मागेपुढे पाहिले नाही, हे मला फार लोभस वाटते.

दुर्बीण डावीकडे गेली की गालही डावीकडे न्यावा लागतो. म्हणून लाकडी दस्त्यावर चामड्याची उशी दोरीने आवळली जाई. नजरेची रेषा आणि नळीची रेषा एकावर एक नसल्याने त्या एका ठराविक अंतरावरच एकत्र आणता येतात. त्याअलीकडे गोळी किंचित उजवीकडे लागते, पलीकडे किंचित डावीकडे. भिंगाची ताकद जेमतेम सव्वादोन पट होती. आजच्या वाचकाला ती नगण्य वाटेल, पण ताकद वाढवली की दिसणारा टापू आकसतो आणि हाताचा कंपही तितक्याच पटीने मोठा होतो. रायफल मागे धक्का देते, तेव्हा भिंगाने भुवई फोडू नये म्हणून डोळा काही इंच मागे ठेवावा लागतो. या साऱ्या बाबी एकमेकींत अडकलेल्या आहेत. एक सैल केली की दुसरी ताणते. आपल्या सैन्याने अनेक दशके वापरलेल्या रशियन ड्रॅगुनोव्ह रायफलीवरही दुर्बिणीचा कंस डाव्या बाजूलाच अडकवतात.

आणि इथे मला थांबावेसे वाटते. त्याच उन्हाळ्यात, १० जुलै १९४४ रोजी, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे आपल्या पलटणीबरोबर लढत होते. ते मूळचे आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे. मशिनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले सारे सहकारी पडले, तेव्हा ते एकटे त्या मोर्चावर धावून गेले. हातबॉम्बने त्यांनी मशिनगन निकामी केली, टॉमीगनने एकाला टिपले आणि गोळ्या संपल्यावर तीच बंदूक उलटी धरून उरलेल्या दोघांना लोळवले. मोर्चा पडला. त्यानंतर दडून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांनी त्यांना टिपले. वय बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे.

आराखड्याच्या कागदावर जो नेम असतो, तो दुसऱ्या टोकाला असा कोणाच्या तरी घरी पोहोचतो. इकडचा कारागीर असो की तिकडचा, त्याला ते घर दिसत नाही. गॅरंडच्या रायफलीने हिटलरशाहीचा पाडाव करण्यात मोठा वाटा उचलला, हे खरे. पण हत्यार घडवणाऱ्याच्या कौशल्याचे कौतुक करताना हे दुसरे टोक नजरेआड करू नये, असे मला वाटते.

गॅरंडला या साऱ्यातून काय मिळाले? पगार. १९३६ मध्ये त्याने पेटंटचे हक्क सरकारला देऊन टाकले. प्रत्येक नगामागे एखादा डॉलर जरी घेतला असता तरी तो कोट्यधीश झाला असता. त्याला एक लाख डॉलर द्यावेत असा प्रस्ताव अमेरिकन संसदेत आला, तोही मंजूर झाला नाही. पदके मिळाली, त्यांत १९४४ चे मेडल फॉर मेरिटही होते. १९५३ मध्ये तो निवृत्त झाला आणि १६ फेब्रुवारी १९७४ रोजी स्प्रिंगफील्डलाच वारला. त्याला बर्फावरच्या स्केटिंगचे वेड होते आणि त्यापायी त्याने एकदा घराच्या दिवाणखान्यातच पाणी सोडून गोठवले होते, अशी गोष्ट सांगितली जाते. पैशांबद्दल मात्र त्याने कधी गाऱ्हाणे मांडले नाही.

ते शस्त्रागार १९६८ मध्ये बंद झाले. आता तिथे संग्रहालय आहे. इकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यातलेही कितीतरी कारखाने मिटले आणि त्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. त्या कारखान्यांच्या टूलरूममध्ये गॅरंडच्या जातीची माणसे होती. वरच्या मजल्यावरून अडचणीचा निरोप आला की ती आपल्याच कामाकडे नव्याने पाहत, छिद्र न पाडता ठोकळा कुठे बसेल याचा विचार करत आणि महिनाअखेरीस पगाराचे पाकीट घेऊन घरी जात. आपल्या घरातही असे एखादे आजोबा किंवा काका असतील. आजच्या रविवारी त्यांच्याजवळ बसून, त्यांनी काय काय घडवले ते जरूर विचारा.