दंड न भरणाऱ्या सूझनबाई

भगिनींनो, स्मरणिकेसाठी दोन शब्द लिहा, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा आधी एक कबुली द्यावी असे मला वाटले. मागच्या नगरपालिकेच्या निवडणुकीत मी मत दिले नाही. घरी पाहुणे होते, रांग लांब होती, आणि माझ्या एका मताने काय होणार, असे म्हणून मी स्वयंपाकघरातच राहिले. पुढे सूझन अँथनी या अमेरिकन बाईंचे चरित्र वाचले आणि माझी मलाच लाज वाटली.

सूझनबाईंचा जन्म १५ फेब्रुवारी १८२० रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील अ‍ॅडम्स या गावी एका क्वेकर कुटुंबात झाला. तरुणपणी त्या शिक्षिका झाल्या. काम पुरुष शिक्षकांइतकेच, पण पगार कितीतरी कमी, हे त्यांनी स्वतः अनुभवले. १८५१ साली एलिझाबेथ स्टँटन यांची गाठ पडली आणि जन्माची मैत्री जडली. स्टँटनबाई लेकुरवाळ्या, त्या घरी बसून भाषणे लिहीत. सूझनबाई अविवाहित, त्या ती घेऊन गावोगाव हिंडत.

अमेरिकेचा राज्यकारभार तीन खांबांवर उभा आहे. कायदे करते ती काँग्रेस, तिची दोन सभागृहे. ते अमलात आणतो तो अध्यक्ष. आणि न्याय देतात ती न्यायालये. शिवाय प्रत्येक राज्याचे विधिमंडळ वेगळे. राज्यघटनेत बदल करायचा तर काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते हवीत आणि मग तीन-चतुर्थांश राज्यांची संमती हवी. सूझनबाईंचे चरित्र म्हणजे ही सारी दारे एकामागून एक ठोठावल्याची हकीकत आहे.

पहिले दार राज्याचे. न्यूयॉर्क राज्यात त्यांनी भर हिवाळ्यात फिरून अर्जांवर सह्या गोळा केल्या. १८६० साली तेथे कायदा झाला आणि विवाहित स्त्रीची कमाई तिच्या स्वतःच्या मालकीची ठरली.

दुसरे दार न्यायालयाचे. या देशात जन्मलेली माणसे देशाची नागरिक होत, असे १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने ठरले होते. मग स्त्री नागरिक असेल तर तिला मत का नको, असा बाईंचा सरळ सवाल. १८७२ च्या नोव्हेंबरात रॉचेस्टर शहरी, एका न्हाव्याच्या दुकानात मतदारांची नोंदणी चालू होती. तेथे बहिणींसह जाऊन त्यांनी नाव घालून घेतले आणि ५ तारखेला मत दिले. दोन आठवड्यांच्या आत त्यांना अटक झाली. १८७३ च्या जूनमध्ये खटला चालला. न्यायाधीशांनी पंचांना विचारच करू दिला नाही, दोषी ठरवा म्हणून सांगितले, आणि शंभर डॉलर दंड केला. तो दंड बाईंनी जन्मभर भरला नाही. १८७५ साली सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका बाईंच्या खटल्यात निकाल दिला की, स्त्री नागरिक आहे खरी, पण मताचा हक्क त्यात येत नाही.

राहिले घटनेचे दार. १८७८ साली स्त्रियांच्या मताधिकाराची दुरुस्ती काँग्रेसपुढे आली. १८८७ साली सिनेटने ती फेटाळली. बाई मात्र वर्षानुवर्षे वॉशिंग्टनला जात राहिल्या आणि राज्याराज्यांतून भाषणे देत राहिल्या. १३ मार्च १९०६ रोजी त्या वारल्या. यश पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

१९१९ साली काँग्रेसने दुरुस्ती संमत केली. तेव्हा राज्ये ४८, म्हणजे ३६ हवी होती. छत्तिसावे राज्य टेनेसी. तेथे मते समसमान होऊ लागली, तेव्हा चोवीस वर्षांच्या एका सभासदाने आईचे पत्र मानून बाजू बदलली, आणि ऑगस्ट १९२० मध्ये काम फत्ते झाले. एका मताने काय होते, ते मला तेव्हा कळले.

बाईंच्या हातून चूक झाली नाही असे नाही. काळ्या पुरुषांना मत देणाऱ्या पंधराव्या दुरुस्तीला त्यांनी, स्त्रियांना वगळले म्हणून, विरोध केला आणि जुने सहकारी दुखावले. दक्षिणेतील अनेक काळ्या स्त्रियांना तर १९६५ च्या कायद्यापर्यंत मतपेटीपासून दूरच ठेवले गेले. हक्क कागदावर आला तरी लढा संपत नाही, हेच खरे.

आपल्या देशात पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून स्त्रियांना मत आहे. आपल्याला दंड नाही, अटक नाही; म्हणूनच बहुधा किंमत नाही. माझ्यापुरता मी निश्चय केला आहे. मतदारयादीत माझे आणि नव्या सुनेचे नाव आहे ना, ते आधी पाहणार. मतदानाच्या दिवशी पहाटेच पिठले-भात करून ठेवणार. पाहुणे असले तर तेही तेच जेवतील. आणि जाताना शेजारच्या काकूंना हाक मारणार. भगिनींनो, तुम्हीही रांगेत भेटा.