नांगरापासून नगरापर्यंत : लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा उद्योगमार्ग

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबई आणि अहमदाबाद ही कापडगिरण्यांची शहरे म्हणून नावारूपाला आली होती. यंत्र, भांडवल आणि कारखाना हे शब्द उच्चारले की धुराडी आणि चाळी डोळ्यांसमोर येत. खेड्यातल्या माणसाने कारखान्याच्या शोधात शहर गाठायचे, हाच त्या काळाचा रिवाज होता. हा प्रवाह उलट दिशेने वळवता येईल, शेतकऱ्याच्या गरजेतून यंत्र घडवता येईल आणि ते घडवणारा कारखाना माळरानावर उभा राहू शकेल, हे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांनी प्रत्यक्षात करून दाखवले.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. मुलाने परंपरेप्रमाणे शिकून नोकरी धरावी, अशी घरची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. लक्ष्मणरावांचे मन मात्र पाठ्यपुस्तकांपेक्षा चित्रात आणि हातांनी करायच्या कामात रमत असे. थोरले बंधू रामूअण्णा यांच्या पाठबळामुळे 1885 मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोन वर्षांतच ध्यानात आले की त्यांना काही रंगांतला फरक नीट कळत नाही. चित्रकार होण्याचा मार्ग तेथेच खुंटला. पण रेषेवरची हुकमत शाबूत होती. तिच्या बळावर ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि नव्याने सुरू झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तो विषय शिकवू लागले.

या नोकरीचा खरा लाभ पगाराचा नव्हता. संस्थेच्या कार्यशाळेत यंत्रे उघडून पाहण्याची, दुरुस्त करण्याची आणि त्यांच्या रचनेमागचे तर्कशास्त्र समजून घेण्याची संधी त्यांना मिळाली. पुस्तकी पदवी नसलेला हा शिक्षक पाहता पाहता निष्णात यंत्रज्ञ झाला. त्याच सुमारास, 1888 मध्ये, दोघा भावांनी बेळगावात सायकलींचा व्यवसाय सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईहून माल पाठवत आणि रामूअण्णा तो बेळगावात विकत. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाचा उगम या छोट्या दुकानात आहे. पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला देण्यात आली. गुणवत्तेपेक्षा वर्णाला मोल असलेल्या व्यवस्थेत राहण्यात अर्थ नाही, हे ओळखून त्यांनी 1897 मध्ये राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली.

बेळगावात त्यांच्याभोवती शेतीचा मुलूख पसरलेला होता. जनावरांना कडबा तोडून घालताना होणारी नासाडी आणि काळ्या जमिनीत लाकडी नांगराने होणारी उथळ मशागत, या दोन गोष्टी त्यांनी हेरल्या. कडबा कापण्याचे यंत्र हे त्यांचे पहिले उत्पादन ठरले आणि त्यापाठोपाठ लोखंडी नांगर आला. पारंपरिक लाकडी नांगर जमीन उकरतो, पण ती उलटवत नाही. लोखंडी नांगराचा फाळ खोल जातो आणि मातीचे तास पालथे करतो. हरळी, कुंदा यांसारख्या चिवट तणांच्या मुळ्या त्यामुळे वर येतात आणि उन्हाळ्यात वाळून जातात. असे नांगर परदेशातून येत असत, पण ते महाग पडत आणि त्यांचे सुटे भाग गावात मिळणे दुरापास्त होते.

नांगर तयार झाला, पण त्याला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाच्या स्पर्शाने जमीन नासते, तिच्यात विष भिनते, अशी समजूत शेतकऱ्यांमध्ये रुजलेली होती. पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवावर चालणाऱ्या माणसाने नव्या अवजाराकडे संशयाने पाहावे, यात नवल नव्हते. एक हंगाम फसला तर त्याची किंमत अख्ख्या कुटुंबाला मोजावी लागत असे. सुमारे दोन वर्षे नांगर पडून राहिले. शेतकऱ्याला अडाणी ठरवण्याचा सोपा मार्ग लक्ष्मणरावांनी पत्करला नाही. नांगर शेतात नेऊन चालवून दाखवायचा आणि परिणाम डोळ्यांनी पाहू द्यायचा, ही त्यांची पद्धत होती. विक्री सुरू झाल्यावर फाळ लवकर झिजतात अशा तक्रारी आल्या. त्यांनी त्या झटकून टाकल्या नाहीत, तर फाळाचे टोक कणखर कसे करता येईल याचा शोध घेतला. ओतकामात रस लवकर थंड केला की लोखंडाचा पृष्ठभाग कठीण होतो, या तत्त्वाचा उपयोग करून त्यांनी फाळाची प्रत सुधारली. तक्रार करणारा शेतकरी अशा रीतीने त्यांच्या संशोधनाचा भागीदार झाला.

धंद्याला बरे दिवस येत असतानाच बेळगावच्या नगरपालिकेने शहराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. चाळिशीत पोहोचलेल्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार होती. या अडचणीच्या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. औंधच्या यमाई देवीच्या मंदिराचे काम केल्यामुळे लक्ष्मणरावांची सचोटी त्यांनी जवळून पाहिली होती. संस्थान लहान आणि उत्पन्न बेताचे असूनही बाळासाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळची 32 एकर जमीन आणि 10,000 रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. हातात सत्ता असलेल्या एका दूरदृष्टीच्या माणसाने योग्य वेळी टाकलेला हा विश्वास पुढच्या सर्व वाटचालीचा पाया ठरला.

10 मार्च 1910 रोजी किर्लोस्करवाडीची स्थापना झाली. मिळालेली जमीन म्हणजे फड्या निवडुंगाचे आणि सापांचे रान होते. पावसाची शाश्वती नाही, पाण्याचे दुर्भिक्ष आणि अवतीभवती वस्तीही नाही, अशी स्थिती होती. जमेची बाजू एवढीच, की रेल्वे शेजारून जात होती. बेळगावहून आलेल्या मोजक्या कामगारांनी आणि त्यांच्या कुटुंबांनी निवडुंग तोडला, राहुट्या आणि झोपड्या उभारल्या आणि तेथेच भट्टी पेटवली. रामूअण्णांनी वसाहतीचा कारभार पाहिला, शंभूराव जांभेकरांनी यंत्रांची बाजू सांभाळली आणि मंगेशराव रेगे यांनी हिशेब आणि कचेरी बघितली. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई आणि इतर स्त्रियांनी त्या उजाड माळावर संसार थाटले. हळूहळू घरे, रस्ते, शाळा आणि बागा आकाराला आल्या. पुढे स्टेशनलाही किर्लोस्करवाडी हेच नाव मिळाले.

या गावाचे वेगळेपण केवळ यंत्रांमध्ये नव्हते. शिवाशिवीला वसाहतीत थारा देऊ नये, असा लक्ष्मणरावांचा आग्रह होता. ब्रिटिश राजवटीने ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, त्यांतील शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी कामावर घेतले आणि रात्रीच्या पहाऱ्याची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली. समाजाने ज्यांना चोर ठरवले त्यांच्याच हाती कारखाना सोपवणे, हा त्या काळी मोठा धोका होता. तो विश्वास सार्थ ठरला. आसपासच्या खेड्यांतली शेतकऱ्यांची मुले ओतारी, सांधारी, कातारी झाली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या हातांनाही मोजमापाची आणि अचूकतेची शिस्त येथे लागली. प्रदेशाचा विकास म्हणजे बाहेरून आणलेली यंत्रे नव्हेत, तर त्या प्रदेशातल्या माणसांच्या अंगी आलेले कौशल्य होय, हे सूत्र लक्ष्मणरावांनी कोणताही सिद्धान्त न मांडता आचरणात आणले.

1914 मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी मालाची आवक घटली. देशी नांगराला मागणी वाढली, पण त्याच वेळी लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला. लक्ष्मणरावांनी दगडी कोळशाऐवजी लाकडी कोळशावर लोखंड वितळवण्याचे प्रयोग केले आणि मोडीचे लोखंड गोळा केले. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा त्यांच्या हवाली केल्या. एके काळी लढाईसाठी ओतलेले लोखंड अशा रीतीने नांगराच्या रूपाने शेतात उतरले.

15 जानेवारी 1920 रोजी किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघाले. कारखान्याची वार्ता ग्राहकांपर्यंत पोहोचवणे हा त्याचा मूळ हेतू होता. पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांच्या संपादनाखाली ते विचारप्रवर्तक मासिक झाले. पुढे 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ या मासिकांची त्यात भर पडली. नांगर बनवणाऱ्या एका वाडीतून निघालेली ही मासिके मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत पोहोचली.

दरम्यान उत्पादनांची यादी वाढत होती. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि हातपंप यांपाठोपाठ यंत्रशक्तीवर चालणारे पंप आले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून अभियांत्रिकी शिकून पुत्र शंतनुराव 1926 मध्ये परतले, तेव्हा कारखान्याने केंद्रोत्सारी पंपांच्या निर्मितीत पाऊल टाकले होते. पाठोपाठ तेलावर चालणारी इंजिने आली. बैलांच्या मोटेवर अवलंबून असलेल्या विहिरीला या जोडीने नवे बळ दिले. शंतनुरावांच्या पिढीने 1941 मध्ये हरिहर येथे आणि 1946 मध्ये बंगळूर व पुणे येथे नवे उद्योग उभारले.

या यशाच्या मर्यादाही नजरेआड करता येत नाहीत. मोठा लोखंडी नांगर ओढायला बैलांच्या अनेक जोड्या लागत. ज्याच्या दावणीला एकच जोडी, त्या अल्पभूधारकाला शेजाऱ्याच्या सहकार्याची किंवा भाड्याच्या नांगराची वाट पाहावी लागे. पंपाने विहिरीचे पाणी शिवारात आणले, पण तेच तंत्र पुढच्या काळात बेसुमार वापरले गेले तेव्हा अनेक भागांत भूजलाची पातळी खालावली. तंत्र शेतकऱ्याच्या हाती देणे जितके महत्त्वाचे, तितकेच त्याच्या वापराला सामूहिक शिस्त लावणेही महत्त्वाचे असते. हे दुसरे काम एकट्या कारखानदाराच्या आवाक्यातले नव्हते. ते समाजाचे आणि शासनाचे होते, आणि आजही ते अपुरेच आहे.

आयुष्याच्या अखेरीस लक्ष्मणरावांना सर्वांत कठोर प्रसंगाला तोंड द्यावे लागले. 30 जानेवारी 1948 रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. त्यानंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मण कुटुंबांविरुद्ध दंगली उसळल्या आणि त्यांत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली. ज्या परिसराशी जवळपास चार दशके नाते जोडले, त्याच परिसरात हे घडावे, हा घाव जिव्हारी लागणारा होता. त्याच वर्षी औंध संस्थान विलीन झाले आणि कारखान्याला आधार देणारी राजसत्ताही इतिहासजमा झाली. एव्हाना लक्ष्मणरावांचे वय 78 होते. तरीही जळालेल्या भिंतींमागे कामाचे ज्ञान असलेली माणसे शिल्लक होती. त्यांच्याच बळावर कारखाना पुन्हा सुरू झाला.

26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचे पुण्यात निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीला, 20 जून 1969 रोजी, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे आणि तेथे पंपांची निर्मिती अद्यापही होते. मागास भागात उद्योग न्यायचा म्हणजे जमीन, करसवलत आणि रस्ता द्यायचा, अशी समजूत नंतरच्या काळात रूढ झाली. 1910 च्या त्या माळावर यांपैकी जमिनीचा तुकडा, थोडे कर्ज आणि रेल्वेचे स्टेशन एवढेच होते. बाकीचे सारे, म्हणजे शेतकऱ्याचे ऐकून घेणारा यंत्रज्ञ, शिकायला तयार असलेली खेड्यातली माणसे आणि कुणालाही उंबऱ्याबाहेर न ठेवणारी वस्ती, हे तेथे घडवावे लागले.