गिल्बर्ट व्हाइट : पक्ष्यांची वाट पाहणारे धर्मोपदेशक

इंग्लंडच्या दक्षिण भागीं हॅम्पशायर परगण्यांत सेलबोर्न नांवाचें एक लहानसें खेडें आहे. तेथें ता. १८ जुलै १७२० रोजीं गिल्बर्ट व्हाइट ह्यांचा जन्म झाला. ऑक्सफर्ड येथें विद्या संपादून त्यांनीं धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली. पुढें मोठ्या पदाचा हव्यास न धरतां त्यांनीं बहुतेक आयुष्य आपल्या जन्मग्रामींच घालविलें.

हिवाळा सरूं लागला कीं, कोणता पक्षी कोणत्या दिवशीं परत आला, हें ते रोजनिशींत टिपून ठेवीत. मार्चमध्यें चिफचॅफ हा चिमुकला पक्षी येई. एप्रिलच्या मध्याच्या सुमारास पाकोळी दिसे. चिफचॅफसारख्या दिसणाऱ्या पक्ष्यांच्या तीन निरनिराळ्या जाती आहेत, हें त्यांनीं मुख्यतः त्यांच्या आवाजांवरून ओळखलें.

एक प्रश्न मात्र त्यांस जन्मभर छळीत राहिला. हिवाळ्यांत पाकोळ्या जातात कोठें? त्या काळीं कित्येक विद्वानांस वाटे कीं, त्या बिळांत किंवा पाण्याखालीं निजून राहतात. व्हाइट ह्यांचे एक बंधु जिब्राल्टर येथें धर्मोपदेशक होते. पाकोळ्यांचे थवे तेथील सामुद्रधुनी ओलांडतात, असें त्यांनीं कळविलें. तरीही कांहीं पाकोळ्या गांवाजवळच लपत असाव्यात, ही शंका व्हाइट ह्यांच्या मनांतून जाईना. १७८१ च्या एप्रिलांत त्यांनीं माणसें लावून टेकडीवरील झुडपें व पोकळ्या धुंडाळविल्या. शोध चालू असतांनाच पाकोळीच्या कुळांतील एक पक्षी गांवांत उडत आला व थेट एका घरट्यांत शिरला! निजलेली पाकोळी मात्र त्यांस कधींच सांपडली नाहीं.

१७८९ सालीं त्यांचा सेलबोर्नच्या सृष्टिवर्णनाचा पत्ररूप ग्रंथ निघाला. त्यांत त्यांनीं आपली शंका झांकून ठेविली नाहीं. दोन्ही बाजूंचा पुरावा वाचकांपुढें मांडला. ता. २६ जून १७९३ रोजीं ते निवर्तले. पुढें १९११ सालीं इंग्लंडांत पायांत कडी घालून सोडलेली एक पाकोळी १९१२ च्या डिसेंबरांत दक्षिण आफ्रिकेंतील नाताळ प्रांतांत सांपडली, आणि इंग्लंडच्या पाकोळ्या हिवाळ्यांत कोठें जातात हें निश्चित कळलें.

व्हाइट ह्यांचें अनुमान चुकलें. पण डोळ्यांनीं पाहिलेलें त्यांनीं जसेंच्या तसें लिहिलें, म्हणून त्यांच्या नोंदी आजही उपयोगी पडतात. बालमित्रहो, आपल्याकडेही थंडींत पाकोळ्या येऊन तारांवर बसतात व उन्हाळ्याच्या तोंडीं उत्तरेकडे निघून जातात. यंदा शेवटची पाकोळी कोणत्या दिवशीं दिसली, हें आपणांपैकीं किती जण लिहून ठेवतील बरें?