विचारण्यात कमीपणा कसला?

पुणे-नाशिक रस्त्याने मोशी ओलांडून चाकणकडे निघाले की कुरुळी लागते. एकेकाळचे हे शेतकऱ्यांचे गाव आज कारखान्यांच्या शेजारात वसले आहे. ठिकठिकाणची तरुण मुले येथे कामाला लागतात. यंत्र नवे, माणसे नवी. एखादी गोष्ट उमगली नाही, तर शेजारच्या जुन्या कामगाराला विचारावे की नाही, या विचारातच कित्येकांचे पहिले दिवस जातात. आपल्याला येत नाही हे कळले तर लोक हसतील, हा तो संकोच! घरसंसारात तुमचे-आमचेही असेच होते. अशा वेळी आठवण येते ती एका भिडस्त माणसाची, ज्याने उभा जन्म लोकांकडे मागण्यात घालवला. ते म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे.

१८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात जन्मलेले अण्णा मुरूडला लहानाचे मोठे झाले. चारचौघांत बोलायचे म्हटले की त्यांना धडकी भरे. सोमण गुरुजींनी या लाजऱ्या मुलाला गावकऱ्यांसमोर वर्तमानपत्र वाचायला बसवले. पुढे गणिताचे प्राध्यापक झाले, तरी तो भिडस्तपणा पुरता गेला नाही.

१८९१ मध्ये पत्नी राधाबाई वारल्या. पुन्हा लग्न करायचे तर विधवेशीच, असा अण्णांनी निश्चय केला. मित्र नरहरपंत जोशी यांच्या वडिलांपाशी त्यांनी मन मोकळे केले आणि मदत मागितली. त्या वृद्ध गृहस्थांनी आपलीच बालविधवा मुलगी गोदूबाई पुढे केली! १८९३ मध्ये विवाह झाला आणि मुरूडने बहिष्कार घातला. आईची त्यात फार कुचंबणा झाली. ते दुःख अण्णांनी मुकाट्याने सोसले, पण माणसे तोडली नाहीत.

१८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. स्वतःजवळचे एक हजार रुपये आधी घातले आणि मगच लोकांपुढे हात पसरला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जागा दिली. तेथे झोपडी उभी राहिली. कॉलेजातले शिकवणे आटोपून अण्णा पुण्याहून तेथे पायी जात. सुटी लागली की गावोगाव वर्गणीसाठी हिंडत. कोणी रुपया देई, कोणी पैसा. नकार मिळाला तरी कडवटपणा नव्हता आणि मिळालेल्या पै-पैचा हिशेब चोख असे. मागणाऱ्याची अब्रू त्या हिशेबात असते, हे त्यांनी ओळखले होते.

पैसा मागणे एकवेळ सोपे. सल्ला मागणे अवघड. कारण मिळालेला सल्ला आपल्या मताविरुद्धही असू शकतो. १९१५ मध्ये काशीच्या शिवप्रसाद गुप्त यांनी पाठवलेली, जपानच्या महिला विद्यापीठाची पुस्तिका अण्णांच्या हाती आली. आपल्याकडे असे विद्यापीठ का नसावे? त्यांनी जाणत्या माणसांची मते विचारली. मातृभाषेतून शिक्षण गांधीजींना पसंत होते. इंग्रजी सक्तीची असणे मात्र नापसंत होते. अण्णांनी सारे शांतपणे ऐकून घेतले, तरी त्या एका बाबतीत आपले मत सोडले नाही. गांधीजींनीही मदतीचा हात आखडता घेतला नाही. सल्ला घेणे म्हणजे आपली बुद्धी गहाण टाकणे नव्हे, हे यावरून ध्यानात येते.

१९१६ मध्ये अवघ्या पाच विद्यार्थिनींवर विद्यापीठ सुरू झाले. कुलगुरुपद कर्व्यांनी स्वतःकडे घेतले नाही. जाणत्या माणसांना मोठ्या जागी बसवून ते स्वतः झोळी घेऊन हिंडत राहिले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली. तरीही अण्णांचे दारोदार फिरणे थांबले नाही. १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांसाठी ते पुन्हा वर्गणी मागू लागले! १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले, तेव्हा त्यांनी शंभरी गाठली होती. १९६२ मध्ये ते निवर्तले.

अण्णा श्रीमंत नव्हते की वक्ते नव्हते. मागताना मान खाली घालावी लागते, पण ज्याने एक रुपया दिला त्याला ते काम आपले वाटू लागते, ही खूण त्यांना पटली होती. एकट्याने केले असते तर ते काम हिंगण्याच्या झोपडीएवढेच राहिले असते.

तेव्हा यंत्रापुढे अडलेल्या मुलाने शेजाऱ्याला खुशाल विचारावे. आणि विचारल्या गेलेल्यानेही हसू नये. त्याला विचारायला केवढे धैर्य लागले असेल, ते आपण कधीतरी अनुभवलेलेच असते.