लोकमान्य टिळक आणि तुरुंगातला काथ्या

विद्यार्थी मित्रांनो, लोकमान्य टिळक म्हटलं की तुम्हाला केसरी, गणेशोत्सव आणि मंडाले आठवतं. आज आपण त्यांच्या आयुष्यातलं एक कमी सांगितलं जाणारं वर्ष पाहू. या वर्षी ते संपादक नव्हते, पुढारी नव्हते. सक्तमजुरीचे कैदी होते.

टिळकांचा जन्म 23 जुलै 1856 रोजी रत्नागिरीला झाला. तुरुंग त्यांना अगदीच नवा नव्हता. 1882 साली कोल्हापूर प्रकरणात त्यांनी आणि आगरकरांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात 101 दिवस काढले होते. पण ती साधी कैद होती.

1897 साली पुण्यात प्लेगची साथ होती आणि सरकारच्या जुलमी बंदोबस्तामुळे लोक संतापले होते. जून महिन्यात रँडवर गोळी झाडली गेली. पुढच्याच महिन्यात केसरीतल्या लेखनावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. माफी मागून मोकळं व्हा, असं काही हितचिंतकांनी सुचवलं. त्यांनी ते मानलं नाही. ज्युरीत सहा युरोपियन आणि तीन भारतीय होते. सहा जणांनी दोषी ठरवलं, तिघांनी निर्दोष. 14 सप्टेंबर 1897 रोजी 18 महिन्यांची सक्तमजुरी झाली.

आता सक्तमजुरी म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. 1894 च्या तुरुंग कायद्याप्रमाणे कैद्याकडून दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास काम घेता येई. दर पंधरवड्याला त्याचं वजन करून ते त्याच्या पत्रकावर लिहायचं, आणि कामामुळे प्रकृती बिघडते असं डॉक्टरला वाटलं तर काम बदलून द्यायचं, असा नियम होता. जुन्या कैद्यांनाच मुकादम नेमून त्यांच्याकडून इतरांवर देखरेख करवली जाई. म्हणजे कैद्यांच्या श्रमावर आणि कैद्यांच्याच पहाऱ्यावर तुरुंगाचा बराचसा गाडा चालायचा.

टिळकांच्या वाट्याला काथ्याचं काम आलं. कोकणात जन्मलेल्या माणसाला काथ्या काही अनोळखी नाही! पण गणित आणि संस्कृतात रमणाऱ्या हातांना दिवसभर तेच काम पडलं, त्यात तुरुंगातलं अन्न मानवेना. वजन झपाट्याने उतरलं. कायदा वजन लिहून ठेवायला सांगत होता. पण नुसतं लिहून ठेवल्याने माणूस सुधारतो का? तुम्हीच विचार करा. बाहेर लोकांना काळजी वाटू लागली. पुढे त्यांना येरवड्याला हलवलं आणि रात्री काही वेळ वाचायला दिवा मिळू लागला.

मॅक्सम्युलर या जर्मन पंडिताने त्यांना ऋग्वेदाची प्रत पाठवली. दिवसा मजुरी आणि रात्री ऋग्वेद, असा क्रम सुरू झाला. आर्यांचं मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाजवळ असावं, या त्यांच्या 1903 मध्ये निघालेल्या ग्रंथामागे हे वाचन आहे. तो सिद्धांत आज अभ्यासक मानत नाहीत. पण तो कुठल्या परिस्थितीत घडला, हे विसरू नका.

मॅक्सम्युलर, विल्यम हंटर, दादाभाई नौरोजी यांच्यासारख्यांनी सुटकेसाठी अर्ज केला. सरकारने अटी घातल्या: स्वागत समारंभ स्वीकारायचे नाहीत आणि पुन्हा राजद्रोह केला तर उरलेले सहा महिने भोगायचे. टिळकांनी अटी मान्य केल्या. 6 सप्टेंबर 1898 रोजी ते सुटले.

इथे बरेच विद्यार्थी विचारतात, मग हे झुकणं नाही का? फरक बघा. माफी मागणं म्हणजे आपण लिहिलं ते चूक होतं असं कबूल करणं. ते त्यांनी केलं नाही. अट मानून ते बाहेर आले आणि पुन्हा केसरी हाती घेतला. त्याचा परिणाम त्यांना ठाऊक होता. 1908 मध्ये पुन्हा राजद्रोहाची शिक्षा झालीच, सहा वर्षांची. त्या वेळी मंडालेत मजुरी नव्हती, आणि तिथेच पेन्सिलीने गीतारहस्य लिहून झालं.

म्हणून मित्रांनो, गीतारहस्याचं नाव घेताना काथ्याचं ते वर्षही आठवा. आणि घरी काथ्याची दोरी असेल तर थोडी उसवून पुन्हा वळून बघा. बोटं काय म्हणतात, ते उद्या वर्गात सांगा.